इंजिनिअर लोकांच्या संस्थेची मेंबरशिप घ्यावी का? वाळूजमधे जॉब करणाऱ्याला काही उपयोग होतो का?

वाळूज_बी_शिफ्ट

राम राम मंडळी. मी मेकॅनिकलचा, आधी डिप्लोमा मग डायरेक्ट सेकंड इयरला बीई, सध्या वाळूजला एका व्हेंडरकडं प्रेस शॉपच्या मेंटेनन्सला आहे. विषय असा की आमच्या कॉलेजच्या एका सिनिअरनं ग्रुपवर इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचा फॉर्म टाकलाय आन् रोज मागं लागायलाय की मेंबर हो, मेंबर हो, नावापुढं एएमआयई, म्हणजे असोसिएट मेंबर, लागतंय, पुढं चार्टर्ड इंजिनिअर होता येतंय, पेपर वाचायला मिळतात, अवॉर्ड असतात, फलाणं बिस्ताणं. फी आन् वरून अठरा टक्के जीएसटी धरला की माझ्या पगारात ते जाणवण्यासारखं आहे, त्यात गावाकडं लातूरला घराच्या पत्र्याचं काम काढलंय. कंपनीत विचारलं तर एचआरच्या मॅडम नुसत्या हसल्या, सुपरवायझर म्हणले त्यापेक्षा हायड्रॉलिक्सचा एखादा कोर्स कर.

दुसरं म्हणजे मेलवर सारखं काहीतरी यायलंय, "आपली यंग इंजिनिअर पुरस्कारासाठी निवड झाली आहे" असं. मी कुठं अर्जच केलेला नाही तर निवड कशी झाली? हे ह्याच संस्थेचं असतंय का दुसरंच काही?

आन् तिसरं, आमच्या मामाचा पोरगा अंबाजोगाईला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामा म्हणायलेत बीईला कशाला पैसे घालायचे, त्यांच्या हापिसातल्या साहेबांनी नोकरी करत करत ह्याच संस्थेची एएमआयईची परीक्षा दिली आन् डेप्युटी इंजिनिअर होऊन रिटायर झाले, तर ह्यानं बी तेच करावं. आता चालतंय का ते? कुणाला माहीत असंल तर सांगा राव, नेटवर वाचून वाचून डोकं फिरायलंय.

नाथसागर_निवृत्त

आधी मामांचा प्रश्न घेतो, कारण त्यात पोराची वर्षं वाया जातील.

मामा खोटं सांगत नाहीत, फक्त जुन्या काळाचं सांगतायत. मी पाटबंधारे खात्यात होतो. आमच्यातले कितीतरी ज्युनिअर इंजिनिअर डिप्लोमावर लागले आणि एएमआयई करून वर गेले. दिवसभर डाव्या कालव्यावर मोजमापं घ्यायची आणि रात्री कॅम्पवर सेक्शन ए, सेक्शन बी चे पेपर सोडवत बसायचं. पास होणं काही सोपं नव्हतं, गणिताला आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सला लोक वर्षानुवर्षं अडकून पडायचे, पण एकदा दोन्ही सेक्शन सुटले की सरकार ते पदवीच्या बरोबरीचं धरायचं. आता तसं राहिलं नाही. ३१ मे २०१३ पर्यंत ज्यांनी नाव नोंदवलं होतं त्यांचंच पदवीच्या बरोबरीचं मानलं जातं. नंतरच्यांनी परीक्षा दिली तर ज्ञान वाढेल, त्याला कोण नाही म्हणतंय, पण सरकारी भरतीत किंवा प्रमोशनला पदवी म्हणून ते दाखवायला जाल तर कागद परत येईल. मामांना ही तारीख तेवढी सांगा, बाकी वाद घालू नका.

तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमच्याकडं बीई आहे म्हणजे तुम्हाला परीक्षा नाही, डिग्रीच्या जोरावर असोसिएट मेंबर होता येतं, पुढं अनुभव वाढला की मेंबर, मग फेलो. संस्था साधीसुधी नाही, १९२० ची आहे, मुख्य ऑफिस कलकत्त्याला, १९३५ ला रॉयल चार्टर मिळालेला, आपल्याकडं संभाजीनगरला लोकल सेंटर आहे. पण एक लक्षात घ्या, वकिलांना १९६१ चा कायदा आहे, आर्किटेक्ट लोकांना १९७२ चा, नोंदणी नसेल तर आर्किटेक्ट म्हणून पाटी लावता येत नाही. इंजिनिअरला असं काही नाही. त्यामुळं मेंबर झालात म्हणून कुणी नोकरी देणार नाही आणि नाही झालात म्हणून कुणी काढणार नाही. मी स्वतः फेलो आहे, कार्यक्रमांना जातो, आणि खरं सांगायचं तर पंधरा सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, तीच तीन भाषणं, चहा, ढोकळा, घरी, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले हे प्रत्येक वक्ता सांगतो. १९०८ ला मुसी नदीला पूर आल्यावर निजामानं त्यांना हैदराबादला बोलावलं होतं आणि आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, हे कुणी सांगत नाही. असो, म्हाताऱ्याची तक्रार समजा.

जालना_टीएमटी

मी सरळ बोलतो, राग मानू नका. भाऊ पैसे वाचव. मी रोलिंग मिलमधे इलेक्ट्रिकलला आहे, आमच्याकडं आजपर्यंत एका बी मालकानं विचारलं नाही की तू कशाचा मेंबर आहेस. मालक विचारतो बिल किती आलं. तुला पैसेच घालायचेत तर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीची परीक्षा दे, सर्टिफाइड एनर्जी मॅनेजर नाहीतर ऑडिटर. त्याला २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याचा आधार आहे, म्हणजे काही ठराविक मोठ्या कारखान्यांना तो माणूस ठेवावाच लागतो, हौस म्हणून नाही. आमच्या भट्ट्या जेवढी वीज खातात त्यात दोन टक्के जरी वाचवून दाखवले ना तर मालक तुला खुर्ची देतो बसायला. संस्थेचं कार्ड दाखवून बघ, पाणी बी विचारणार नाही.

शेंद्रा_वर्कशॉप

जालन्यावाले भाऊ तुमचं एनर्जी ऑडिटरचं शंभर टक्के बरोबर, पण बाकीचं अर्धंच खरं हाय. मी तुम्हाला दुसरी बाजू सांगतो, मी स्वतः चार्टर्ड इंजिनिअर आहे, म्हणजे मशिनी तपासून सर्टिफिकेट देणारा, आन् माझी अर्धी चूल त्याच्यावर पेटते.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथं जे एक्स्पोर्टवाले आहेत ते बाहेरून मशीन आणताना ईपीसीजी स्कीम घेतात, म्हणजे कस्टम ड्युटी माफ आन् त्याच्या बदल्यात वाचलेल्या ड्युटीच्या सहा पट एक्स्पोर्ट सहा वर्षांत करून दाखवायचा. त्याच्यात एक नेक्सस सर्टिफिकेट लागतं, की बाबा हे मशीन ह्या मालासाठी खरंच लागतंय, आन् नंतर मशीन खरंच बसवलं का त्याचं इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट. नेक्ससवर सही चार्टर्ड इंजिनिअरची लागते आन् इन्स्टॉलेशनचं बी त्याच्याकडून चालतं, तो कंपनीचा नोकर असून चालत नाही, बाहेरचा पाहिजे. सीए ला विचारून बघा, त्याच्याकडं पार्टी येते तेव्हा तोच आम्हाला फोन लावतो. जुनं सेकंड हँड मशीन आणलं तर ते ईपीसीजीत बसत नाही, पण कस्टमला त्याची किंमत, बनावटीचं साल, अजून किती वर्षं चालंल हे सगळं चार्टर्ड इंजिनिअरकडूनच तपासून लागतं.

आता लोकांना वाटतं ही सही म्हणजे शिक्का मारून पैसे घ्यायचं काम. तसं करणारे बी आहेत, नाही म्हणत नाही. पण नीट करायचं म्हणलं तर असं असतं बघा: तैवानची जुनी पॉवर प्रेस आलेली, कागदावर साल नवं, किंमत त्या हिशोबानं. मी जाऊन आधी नेमप्लेट बघतो. प्लेटवर ताजा रंग, स्क्रू नवे कोरे आन् बाजूचे सगळे गंजलेले, म्हणजे प्लेट कुणीतरी काढून परत लावली. मग रंगाच्या खाली बॉडीवर ठोकलेला नंबर शोधायचा, बऱ्याच प्रेसला तो फ्रेमवर असतो, टॉर्च लावून, पॉलिश पेपर घासून. तो नंबर इन्व्हॉइसच्या नंबराशी जुळला तर पुढं जायचं. नंतर क्रँकशाफ्टची बेअरिंग, रॅमच्या गिब्ज, किती क्लिअरन्स झालाय, क्लचचे लायनर, मोटरची वेगळी प्लेट असते तिचं साल, कारण मोटर बदललेली असू शकते. सगळ्याचे फोटो, फोटोत माणूस आन् मशीन दोन्ही. नंबर जुळला नाही तर सही नाही, मग पार्टी कितीही जवळची असू द्या. हे काम प्रेस शॉपच्या मेंटेनन्सवाल्या पोराला जितकं कळंल तितकं एसीत बसणाऱ्याला कळणार नाही, म्हणून मूळ प्रश्न विचारणाऱ्या भावाला सांगायलो.

फक्त एवढंय की मेंबर झाला आन् दुसऱ्या दिवशी चार्टर्ड इंजिनिअर, असं नाही. वेगळा अर्ज, अनुभवाचे कागद, वेगळी फी. म्हणजे आज मेंबर होणं हे पुढच्या पाच-सात वर्षांचं गणित आहे. ऑरिकमधे, म्हणजे शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक वसाहतीत, नव्या कंपन्या यायल्यात, टोयोटा किर्लोस्करनं २०२४ ला राज्य सरकारसोबत करार केलाय, त्यांच्यामागं व्हेंडर येणार, व्हेंडरमागं मशिनी येणार. ज्याला नोकरीच करायचीय त्यानं जालन्यावाल्याचं ऐकावं, ज्याला कधीतरी स्वतःची पाटी लावायचीय त्यानं माझं.

जालना_टीएमटी

हे नेमप्लेटचं भारी सांगितलं ओ. मग बँकेच्या लिलावात कंपनी निघाली तर तिच्या मशिनींची किंमत बी तुम्हीच काढता का?

शेंद्रा_वर्कशॉप

नाही, तिथं गडबड करू नका. कंपनी दिवाळखोरीत गेली तर रजिस्टर्ड व्हॅल्यूअर लागतो. त्याचे २०१७ चे वेगळे नियम आहेत, पन्नास तासांचा कोर्स, आयबीबीआयची, म्हणजे दिवाळखोरीच्या सरकारी बोर्डाची, परीक्षा, प्लांट अँड मशिनरीचा वेगळा वर्ग आन् लँड अँड बिल्डिंगचा वेगळा. नुसत्या चार्टर्ड इंजिनिअरच्या शिक्क्यावर तिथं कुणी सही केली तर नंतर त्यालाच नोटीस येते. ते बी चांगलं काम आहे, पण रस्ता वेगळा.

विष्णुपुरी_मॅडम

नमस्कार. मी नांदेडला कॉलेजवर शिकवते, विद्यार्थ्यांच्या चॅप्टरचं काम बघते, त्यामुळे मेलबद्दल बोलते कारण हा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला येतो.

"निवड झाली आहे" असा मेल आला, तुम्ही अर्ज केलेला नाही, आणि खाली मोमेंटो, सर्टिफिकेट, हॉलचा खर्च असं काहीतरी भरायला सांगितलंय, तर तो पुरस्कार नसून दुकान आहे. खऱ्या संस्थेच्या पुरस्काराला अर्ज किंवा शिफारस लागते, शेवटची तारीख असते, निकष छापलेले असतात, आणि ते तुमच्याकडून ट्रॉफीचे पैसे घेत नाहीत. कॉन्फरन्सचंही तसंच. "स्कोपसमध्ये छापून मिळेल, दोन दिवसांत स्वीकृती" असं लिहिलेलं असलं की मी मुलांना आधी स्कोपसची, म्हणजे रिसर्च जर्नलांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसची, सोर्स लिस्ट उघडायला लावते, ती फुकट बघता येते, त्यात त्या जर्नलचं नाव आहे का आणि अजून चालू आहे का ते बघायचं. दोन दिवसांत पेपर तपासून होत नाही हो, मला एक असाइनमेंट तपासायला आठवडा लागतो.

मेंबरशिपबद्दल माझं मत निवृत्त सरांपेक्षा थोडं वेगळं आहे. विद्यार्थी असताना घेतलेली मेंबरशिप सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वसूल होणारी. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरवाल्यांनी आयईईई बघावी, तिची एक्स्ट्रीम नावाची चोवीस तासांची प्रोग्रॅमिंग स्पर्धा असते, तीन जणांपर्यंत टीम, मुली रात्रभर लॅबमध्ये बसणार म्हणून पालकांना फोन करून सांगावं लागतं आणि एखादी आई डबा घेऊन स्वतःच येते. मेकॅनिकलच्या मुलांना बाहा माहीत असतंच, मुलांनी स्वतः गाडी बनवून पळवायची स्पर्धा, एसएई इंडिया या ऑटोमोबाइलवाल्यांच्या संस्थेची, २००७ पासून पिथमपूरला सुरू झालेली, त्यात उतरायचं तर टीमला मेंबर व्हावंच लागतं. गाडी शर्यतीत टिकली नाही तरी त्या मुलांना वेल्डिंग, खरेदी, बजेट, भांडण मिटवणं सगळं येतं आणि इंटरव्ह्यूत ते लगेच दिसतं. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची विद्यार्थी प्रोजेक्टसाठी अनुदानाची योजना आहे, तिला आपल्या भागातून फार कमी अर्ज जातात असं मला वाटतं. मुलांना कळतच नाही, कारण ती माहिती येते कॉलेजच्या मेलवर आणि कॉलेजचा मेल उघडतं कोण? नोटीस बोर्डावर लावली तर वर परीक्षेचं टाइमटेबल चिकटवलेलं असतं.

नोकरीतल्या माणसानं मात्र आधी विचार करावा की आपण नेमकं काय काम करतो. प्रेस शॉपवाल्यानं सगळ्या इंजिनिअरांच्या एका मोठ्या संस्थेत जायचं की आपल्याच कामाच्या छोट्या संस्थेत, वेल्डिंग, फाउंड्री, एनडीटी (माल न फोडता तपासणी) यांच्या वेगळ्या संस्था आहेत, तिथं शंभर ओळखींपेक्षा पाच कामाच्या ओळखी होतात.

लातूर_सिव्हिल

मॅडमशी सहमत. मी सिव्हिलवाला, स्ट्रक्चरल डिझाइन करतो, आमच्यासाठी इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूट, १९८२ ची. लायसनसाठी हिची मेंबरशिप लागते असा एक गैरसमज पोरांत आहे, तसं काही नाही. मग घेतो कशाला, तर कोड बदलला की आधी कळतं म्हणून.

हे आमच्या भागात काय आहे ते बाहेरच्याला समजणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला, तेव्हाच्या नकाशात आमचा भाग झोन एकमधे होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. दगडमातीच्या दोन-दोन फुटी भिंती, वर माळवदाचं वजन, झोपेत माणसं गेली. २००२ च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडमधे झोन एकच काढून टाकला आणि हा भाग तीनमधे आला. एवढं होऊनसुद्धा आजही साइटवर जातो तर कॉलमच्या रिंगांचा हूक नव्वद अंशातच वाकवलेला, एकशेपस्तीस कर म्हणलं की मिस्त्री म्हणतो साहेब आजपर्यंत असंच केलंय काही पडलं नाही. त्याला कोण शिकवणार? काँक्रीटवाल्यांच्या कार्यक्रमात एकदा मिस्त्री आणि बार बेंडर लोकांना बोलवा, फक्त इंजिनिअर इंजिनिअरला शिकवून काय होतंय, असं मी मागंच लागलोय.

आणि एक फुकटची संधी सांगतो जी मेंबरशिपशिवाय आहे. भारतीय मानक ब्युरोच्या साइटवर आता आयएस कोड फुकट डाउनलोड होतात, आधी त्याला पैसे लागायचे आणि सगळे झेरॉक्सच्या झेरॉक्सवर काम करायचे, आकृत्या काळ्या आलेल्या. त्याच साइटवर नव्या कोडचे मसुदे टाकतात आणि कुणालाही हरकत, सूचना पाठवता येते. त्यासाठी ना फेलो व्हावं लागतं ना कुणाची शिफारस लागते. आपल्याकडच्या काळ्या मातीत फाउंडेशन कसं वर येतं, उन्हाळ्यात बेचाळीस डिग्रीत काँक्रीटचं क्युरिंग कसं होतं आणि टँकरचं पाणी घेऊन कसं करावं लागतं, हे दिल्लीच्या कमिटीला आपण कळवलं नाही तर कोण कळवणार?

वाळूज_बी_शिफ्ट

अरे बाप रे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार. मॅडम तो मेल उघडून बघितला, खाली चार हजार नऊशे नव्व्याण्णव मोमेंटो चार्जेस लिहिलेत, डिलीट मारला. शेंद्र्याच्या दादांचं वाचून मात्र खरंच इंटरेस्ट वाढलाय, आमच्याकडं बी दोन जुन्या कोरियन प्रेस आहेत, उद्या शिफ्टला गेल्यावर नंबर शोधतो की. फॉर्म भरावा का आत्ताच, का एक-दोन वर्षं थांबावं? आन् मामाच्या पोराला मग काय सांगू, डायरेक्ट सेकंड इयर का नोकरी?

शेंद्रा_वर्कशॉप

फॉर्मची घाई नको, तारीख संपायली म्हणून सिनिअर घाबरवत असंल तर मनावर घेऊ नको, मेंबरशिप कुठं पळून जात नाही. आधी एकदा लोकल सेंटरच्या किंवा मसिआच्या, म्हणजे इथल्या लघुउद्योजकांच्या संघटनेच्या, एखाद्या टेक्निकल कार्यक्रमाला येऊन बस, मराठवाडा ऑटो क्लस्टर तर तुझ्या वाळूजलाच आहे, तिथं बी काही ना काही चालू असतंय. आवडलं तर भर. आन् आजपासून एक काम कर, कंपनीत जे जे दुरुस्त करतोस ना त्याची तारखेनं वही ठेव, मशीन कोणतं, काय बिघडलं, काय बदललं. सुपरवायझरची सही घेता आली तर घे. पुढं अनुभव दाखवायच्या वेळी लोक नुसतं एचआरचं दोन ओळींचं लेटर घेऊन येतात आन् मग अडतं.

नाथसागर_निवृत्त

मामांच्या मुलासाठी, डायरेक्ट सेकंड इयरला मार्क पुरत असतील आणि सरकारी कॉलेज मिळत असेल तर तेच करावं. घरची अडचण असेल तर एआयसीटीईनं नोकरी करणाऱ्यांसाठी वेगळी पदवीची सोय काढली आहे, वर्किंग प्रोफेशनल्सची, संध्याकाळी किंवा सोयीच्या वेळी वर्ग, आणि ती रीतसर पदवी असते. जवळ कोणत्या कॉलेजला मान्यता आहे ते एआयसीटीईच्या साइटवर बघूनच प्रवेश घ्या, एजंटाच्या तोंडावर जाऊ नका. आणि दोन्हीतलं काहीही केलं तरी नॉन क्रिमिलेअर, कास्ट व्हॅलिडिटी जे लागू असेल ते आत्ताच काढायला टाका, सीईटी सेलचे राउंड सुरू झाल्यावर तहसीलला रांगा लागतात.

वाळूज_बी_शिफ्ट

व्हॅलिडिटीचं अजून टाकलेलंच नाही त्यानं. आत्ताच फोन लावतो मामाला.